दादाच्या विमानांचं बिऱ्हाड

एकसष्ट वर्षांची झाली तरी तिला सगळे बेबीताईच म्हणत. नाव दादानं पाडलेलं. ती पाळण्यात होती तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि एकदा नाव ठेवलं की ते बदलायचं नाही हा त्याचा तेव्हापासूनचा खाक्या. पुढे तिचं लग्न झालं, तीन वर्षांत नवरा गेला, आणि ती शिवणाचं मशीन घेऊन भावाकडे परत आली. दादानं लग्न केलंच नव्हतं. बेबीताईला परत येऊन अडतीस वर्षं झाली. या अडतीस वर्षांत दादानं आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं, "बहिणीला मी सांभाळलं." हे सांगताना त्याच्या हातात बहुतेक वेळा बेबीताईनं केलेला चहा असायचा आणि अंगात बेबीताईनं शिवलेला शर्ट.

दादा पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. आयुष्यभर पंपांचे आराखडे काढले आणि पंपांबद्दल कधी चांगला शब्द काढला नाही. त्याचा जीव विमानांत. खरी नव्हेत, खोक्यातून सुटे भाग येतात, ते डिंकानं जोडायचे, रंगवायचे, वर पाण्यात भिजवून बारीक आकडे नि पट्टे चिकटवायचे, ती. अशी त्याच्याकडे तीनशे शहाऐंशी होती. पगारातून घराचं भाडं सुटलं की उरलेलं विमानांत जायचं. बाकीचं घर पायमशीनवर चालायचं, पण ते सांगण्यासारखं कुणाला वाटलं नाही.

बाहेरची खोली सगळी विमानांची होती. चारी भिंतींत बसवलेली काचेची कपाटं, आणि कपाटांत मावली नाहीत ती छताला दोऱ्यांनी टांगलेली. पाहुणा आला की मान खाली घालून बसायचा; अदब म्हणून नव्हे, पंख डोळ्यात जाईल म्हणून. पंखा एकच्या वर लावायचा नाही, कारण विमानं हलतात. भर उन्हाळ्यात माणसं घाम पुसत बसायची आणि दादा त्यांना सांगायचा की हे आणि शेजारचं दिसायला सारखं असलं तरी याच्या शेपटीचा कोन दोन अंशांनी वेगळा आहे. बेबीताई आतल्या खोलीत मशीनवर असायची. दोन अंश ऐकले की तिचा पाय पायट्यावर जरा जोरात पडायचा.

एवढं करून दादा उभ्या आयुष्यात विमानात बसला नव्हता. दूरच्या नात्यातल्या भाचीनं आपल्या लग्नाला दोघांची विमानाची तिकिटं काढून पाठवली, तेव्हा त्यानं कानाचं दुखणं काढलं आणि बावीस तास रेल्वेनं गेला. बेबीताई एकटी विमानानं गेली, खिडकीशी बसली, खाली ढग बघितले, मिळालं ते सगळं खाल्लं. लग्नघरी भेटल्यावर दादानं पहिला प्रश्न विचारला, "कुठलं होतं?"

"काय कुठलं?"

"विमान. जात कोणती? इंजिनं पंखाखाली की शेपटीला?"

"पांढरं होतं," बेबीताई म्हणाली.

दादा आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही. तिला तो आठवडा फार सुखाचा गेला.

तर अशी ही दोघं, आणि घरमालकाचा निरोप आला की इमारत पाडायची आहे, तीन महिन्यांत घर सोडा. दादानं तो कागद वाचला, घडी करून कपाटात ठेवला आणि एका जुन्या लढाऊ विमानाचं चाक रंगवायला बसला. घर शोधलं बेबीताईनं. शिवणाची मापं घ्यायला जायची तिथं विचारत, गिऱ्हाइकांच्या ओळखीनं, उन्हातान्हात जिने चढत. अकरा घरं पाहिली. बारावं मिळालं: तिसरा मजला, लिफ्ट, एक मोठी खोली, एक लहान खोली आणि स्वयंपाकघर. मोठ्या खोलीला पूर्वेकडे रुंद खिडकी होती. बेबीताईनं त्या खिडकीत उभं राहून हातातला काळा दोरा सुईत ओवून पाहिला. चष्म्याशिवाय ओवला गेला. तिनं तिथल्या तिथं हो म्हटलं.

दादा एकदाच घर पाहायला आला. छताकडे बघून म्हणाला, "उंची बरी आहे. मोठी खोली पुरेल."

"कशाला?"

"कशाला म्हणजे?" दादा म्हणाला, आणि जिना उतरायला लागला.

बांधाबांध सात आठवडे चालली. म्हणजे दादाची. बेबीताईनं भांडीकुंडी, कपडे, अंथरुणं, आईवडिलांच्या वेळचं कपाट, औषधं, कागदपत्रं हे सगळं चार दिवसांत बांधलं, तेही गिऱ्हाइकांचं काम सांभाळून. दादा मात्र एकेका विमानासाठी स्पंजचा गादीसारखा साचा कापत होता. पंखाला वेगळी खाच, शेपटीला वेगळी, चाकांना वेगळी. खोक्यावर नंबर, वहीत नोंद, चारी बाजूंनी लाल शाईत 'नाजूक' आणि 'ही बाजू वर'. दिवसाला सात-आठ विमानं व्हायची. मग दमून आडवा व्हायचा आणि म्हणायचा, "तुझं बरं आहे बेबी, तुझं काय, भांडी कशीही टाकली तरी चालतात."

पाचव्या आठवड्यात बेबीताई एका गिऱ्हाइकाचं रेशमी कापड बेतायला बसली आणि कात्री कापडात अडकली. चावायला लागली. तिनं पाती उजेडात धरून पाहिली. धारेवर डिंक, पुठ्ठ्याची भुकटी, आणि मधे एक खाच पडलेली. ही तिची कापडाची कात्री होती. तिनं त्या कात्रीनं कधी कागदसुद्धा कापू दिला नव्हता.

ती बाहेर गेली. "दादा, हिनं स्पंज कापलास?"

"माझा कटर बोथट झाला होता."

"ही कापडाची आहे."

"कात्री म्हणजे कात्री, बेबी," दादा म्हणाला. वर बघितलंही नाही. त्याचा ब्रश, जो तीन केसांचा होता, तो धुऊन पुसून टोकदार करून ठेवायला त्याला रोज वीस मिनिटं लागायची, आणि त्याला कुणी बोट लावलं तर तो जेवायचा नाही.

 बोलणं हे बेबीताईच्या लेखी समोरच्याला दिलेलं मोल होतं. तिनं कात्री धारवाल्याकडे नेली, त्यानं पाहून मान हलवली, आणि ती नवी कात्री घेऊन घरी आली. ही मात्र तिनं उशाखाली ठेवली.

सामान हलवायचा दिवस आला. एक ट्रक, एक मुकादम, तीन हमाल. बेबीताई सकाळीच नव्या घरी पुढे गेली. झाडलोट करायची होती, गॅसवाला येणार होता, नळ बघायचे होते. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी तिनं बरोबर घेतली, दुसऱ्याच्या कापडाची जोखीम ती कुणावर टाकत नसे. जाताना दादाला सांगितलं, "सगळ्यात आधी मशीन चढव. ते तळाला राहू दे, म्हणजे हलणार नाही."

"मला सांगू नकोस," दादा म्हणाला. "भार कसा वाटायचा हे मला कळतं."

दुपारी एकला ट्रक आला. बेबीताई खाली जाऊन उभी राहिली. मागचं फळकं पडलं आणि खोके उतरायला लागले. एक, दोन, दहा, वीस. प्रत्येकाच्या मागे दादा, "उभा धर, उभा धर" म्हणत. खोक्यांच्या मधे बेबीताईच्या गाद्या घातलेल्या होत्या, आणि कपाटाचा धक्का लागू नये म्हणून तिची कापड बेतायची प्लायवुडची मोठी फळी आडवी लावलेली होती. एकसष्ट खोके उतरले. मग कपाट, पलंग, भांड्यांची पोती. ट्रक रिकामा झाला.

"मशीन कुठाय?" बेबीताईनं विचारलं.

"राहिलं," दादा म्हणाला. "बसलं नाही. उद्या आणू."

बेबीताईनं मुकादमाकडे पाहिलं. मुकादम जाडजूड, मिशीवाला, दिवसभर लोकांचे संसार उचलणारा माणूस होता. त्याला कुणाच्या घरात बोलायची हौस नव्हती. पण दादानं सकाळपासून त्याला भार वाटण्याचं शास्त्र शिकवलं होतं.

"बसलं असतं, ताई," तो म्हणाला. "मी साहेबांना म्हटलं, हे हलके खोके आहेत ना, त्यातले चार उतरवा, मशीन आरामात जातं. हलके म्हणजे अगदी हलके. एका बोटावर उचलावेत असे सतरा खोके आहेत. साहेब म्हणाले, ते आधी जाणार."

बेबीताईनं पदर खोचला आणि टॅक्सी थांबवली.

जुन्या घरी ती पोचली तेव्हा माणसं खिडक्यांच्या चौकटी काढत होती. आत मशीन नव्हतं. भिंतीशी मशीनच्या चार पायांचे डाग तेवढे राहिले होते. बेतायच्या फळीखालच्या लाकडी घोड्याही नव्हत्या. त्यांची लाकडं बाहेर ढिगात पडली होती.

"ते शिवणाचं मशीन?" कामगारांवर देखरेख करणारा म्हणाला. "भंगारवाला घेऊन गेला. तासभर झाला."

"कुणी सांगितलं द्यायला?"

"इथं राहणारेच की. किल्ली देताना म्हणाले, उरलेलं टाकून द्या."

भंगारवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. तो मशीनच्या लोखंडी स्टँडपाशी घण घेऊन उभा होता. स्टँडचे तीन तुकडे झाले होते, कारण ओतीव लोखंड अख्खं घेत नाहीत. वरची मुंडी, म्हणजे सुई चालणारा मुख्य भाग, बाजूला जुन्या पंख्यांच्या ढिगावर आडवी ठेवली होती. बेबीताई तिच्यापाशी गेली आणि हातचाक अर्धा वेढा फिरवून पाहिलं. सुई खाली गेली, वर आली.

भंगारवाल्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि घण खाली ठेवला. "मावशी, तुमचं होतं का? मला टाकलेलं म्हणून सांगितलं."

"माझंच होतं," बेबीताई म्हणाली. "तुमची चूक नाही."

त्यानं मुंडी फडक्यानं पुसली, गोणपाटात गुंडाळली आणि स्वतः टॅक्सीपर्यंत आणून तिच्या मांडीवर ठेवली. काही घ्यायला तयार झाला नाही. वर म्हणाला, स्टँड तोडायच्या आधी विचारायला हवं होतं मी. बेबीताईला वाटलं, दिवसभरात एवढा एकच माणूस भेटला, तोही भंगारच्या दुकानात.

घरी आली तेव्हा दादा मोठ्या खोलीत स्टुलावर उभा राहून छताची मापं घेत होता. तिच्या टेपनं.

"मिळालं का?" त्यानं वरूनच विचारलं.

"मुंडी मिळाली. स्टँड फोडला."

"मग झालं तर. स्टँड काय, कुठलाही चालतो."

"तू त्यांना टाकून द्या म्हणालास."

"उरलेलं टाकून द्या म्हणालो. मशीन असं नाही म्हणालो."

"उरलेलं मशीनच होतं."

दादा स्टुलावरून उतरला. "जागा नव्हती, बेबी. तू तिथं नव्हतीस. कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो."

"त्या सतरा खोक्यांत काय आहे?"

दादा टेप गुंडाळायला लागला. "खोकी आहेत."

"खोक्यांत खोकी?"

"मूळ खोकी. विमानं ज्यातून येतात ती. त्यांच्यावरची चित्रं, आतले कागद, सगळं तसंच ठेवलंय मी. मूळ खोकं नसेल तर जाणकार माणूस मॉडेलकडे बघतसुद्धा नाही."

"रिकामी."

"रिकामी म्हणजे, तसं म्हटलं तर रिकामी."

बेबीताईनं गोणपाट खिडकीशी ठेवलं. राग येईल अशी ती वाट बघत होती, पण राग आला नाही. दुकानदार हलकं कापड भारी म्हणून पुढे करतो तेव्हा ती ते उजेडात धरते आणि किती आरपार दिसतं ते बघते. तसं तिनं दादाकडे बघितलं. सत्तर वर्षांचा माणूस, दाढी गुळगुळीत, शर्ट तिनं शिवलेला, कॉलर तिनं उलटवून दिलेली. आणि या माणसापुढे अडतीस वर्षं आपण पंखा एकवर ठेवून बसलो, याचं तिला त्याच्याइतकंच स्वतःचंही हसू आलं. तोंडावर मात्र काही आलं नाही.

मुकादम आणि हमाल दाराशी चहा पीत होते. तिनं त्यांना आत बोलावलं.

"विमानांचे खोके चव्वेचाळीस आहेत. त्यांतले सोळा या खोलीच्या मधे मांडा, एकावर एक, दोन-दोनांचे आठ थप्पे. वर ही फळी. बाकीचे भिंतीला लावा, छतापर्यंत. हलके सतरा स्वयंपाकघरात ठेवा. दादाचा पलंग लहान खोलीत."

"बेबी," दादा म्हणाला, "ही विमानांची खोली आहे."

"विमानं इथंच आहेत."

"फळी ठेवलीस तर वजन पडेल त्यांच्यावर."

"सात आठवडे स्पंज घातलास ना?"

"आडवीतिडवी झाली तर पंख..."

"आडवी कशी होतील? तूच लिहिलंयस, ही बाजू वर."

मुकादम चहाच्या कपात बघत राहिला. मग त्यानं हमालांना खूण केली, आणि आठ थप्पे इतके काटकोनात लावले की फळीवर ठेवलेली रिळं जागची हलली नाहीत. फळीची उंची बेबीताईच्या कमरेला बरोबर आली. इतकी वर्षं ती घोड्यांवर वाकून कापड बेतत होती. त्या चार बोटं बुटक्या होत्या, हे तिला त्या दिवशी कळलं.

आठवड्यात नवा स्टँड आला, मुंडी बसली, आणि मशीन पूर्वेच्या खिडकीशी चालू झालं. स्वयंपाकघरातले सतरा खोके तिनं एका सकाळी उघडले. आतली खोकी एकात एक न बसणारी, मजबूत पुठ्ठ्याची, झाकणाची होती. तिला अशीच हवी होती. चार इंजिनांच्या बॉम्बरच्या खोक्यात हुक गेले, समुद्रावर उतरणाऱ्या विमानाच्या खोक्यात इलॅस्टिक, जेट विमानांच्या खोक्यांत रंगवार बटणं. झाकणांवर पेटलेली आभाळं नि झेपावणारी विमानं होती, त्यांवर तिनं खडूनं लिहिलं: 'काळी, चार भोकी'. दादानं ते पाहिलं आणि लहान खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जेवायच्या वेळेला उघडलं.

लहान खोलीत पलंगाच्या वर एकच फडताळ होतं. त्यात अकरा विमानं मावली. बाकीची तीनशे पंचाहत्तर बांधलेल्या खोक्यांतच राहिली, आणि त्यांपैकी कुठलंही काढायचं तर फळी उचलावी लागे किंवा भिंतीजवळची रांग हलवावी लागे, आणि त्यासाठी बेबीताईला विचारावं लागे. दादा पहिला महिना विचारेना. मग एक दिवस वही घेऊन आला.

"नऊ नंबरचा खोका हवाय. रविवारी विमानांच्या क्लबातला सोबती येणार आहे. त्याला ते पाहायचंय."

नऊ नंबर फळीखाली होता. फळीवर शाळेच्या बँडपथकाचे बेचाळीस कोट पसरले होते.

"कोट झाले की फळी निघेल."

"कधी होतील?"

"शिवून झालेत. हुक आणि बटणं राहिलीत. एकेका कोटाला आठ बटणं, गळ्याशी दोन हुक. मला हात दोन आहेत."

दादा उभा राहिला. वही मिटली, पुन्हा उघडली. गुरुवार होता. मग तो आत गेला, आपला चिमटा, आपला भिंगाचा दिवा आणि ड्राफ्ट्समन असतानाची अंतर मोजायची कंपास घेऊन आला, आणि स्टूल ओढून फळीच्या पलीकडे बसला.

"सुई दे," तो म्हणाला. "आणि मला शिकवू नकोस."

बेबीताईनं शिकवलं नाही. त्याला एक कोट दिला, म्हणजे वाया गेला तर एकच जाईल. पाऊण तासानं त्यानं तो परत दिला. आठही बटणं एका रेषेत, मधली अंतरं सुतासारखी, बटणाखाली दोऱ्याचा देठ हवा तेवढाच उंच, आणि हुकाचे टाके उलट्या बाजूनं दिसतच नव्हते. तिनं टेप लावून पाहिली. नखानं बटण ओढून पाहिलं. दुसरा कोट दिला, तिसरा दिला. चौथ्यापासून त्याला अर्धा तास पुरायला लागला. शनिवारी दुपारपर्यंत दोघांनी मिळून बेचाळीस कोट पुरे केले, आणि त्यांतले सव्वीस दादाचे होते.

तिनं फळी काढून दिली. नऊ नंबरचा खोका निघाला. पंख शाबूत होते. रविवारी सोबती आला, विमान पाहिलं, शेपटीच्या कोनाबद्दल दोघं दोन तास भांडले.

सोमवारी बँडमास्तर कोट न्यायला आला. त्यानं एक कोट उजेडात धरला, बटणांवरून अंगठा फिरवला. "मावशी, काम तुमचं नेहमीच चांगलं असतं, पण हे कुणी लावलंय? गणवेशाला इतकी सफाई मी पाहिली नाही."

"आहे आमच्याकडे एक माणूस," बेबीताई म्हणाली.

दादा लहान खोलीच्या दारात होता. त्याच्या तोंडावर पसरलेलं समाधान बेबीताईनं पाहिलं, आणि तिच्या मनात जे काही थोडंफार मऊ उरलं होतं तेही गेलं. आजवर तिची समजूत होती की या माणसाला दुसरं काही येतच नाही. ज्याला येतच नाही त्याला माणूस सोडून देतो. पण त्याला येत होतं. शेजारच्या खोलीत, दहा पावलांवर, मोहरीएवढ्या वैमानिकाच्या डोळ्यांवर गॉगल रंगवणारा हात बसलेला होता, आणि इकडे ती सणकून दुखणाऱ्या बोटांनी मंद दिव्यात काजं करत होती, एक वर्ष नाही, अडतीस वर्षं. त्यानं एकदाही मान वळवून विचारलं नव्हतं.

बँडमास्तर गेला. दादा आत येऊन स्टुलावर टेकला आणि म्हणाला, "पाहिलंस ना, काय म्हणाला तो?"

बेबीताईनं बॉम्बरचं खोकं उघडून हुकांची पुडी काढली, पुढच्या गिऱ्हाइकाचे बारा फ्रॉक त्याच्यासमोर सरकवले, आणि मशीनकडे तोंड करून बसली.

"गळ्याला एकेक," ती म्हणाली. "बुधवारी हवेत."